मैत्रिणीचं पहिलं पुस्तक येतंय? मग ही कामं तुमच्या वाट्याची

प्रकाशकाचा होकार आला की मित्रमंडळी दोन गोष्टी हमखास विचारतात. ‘पार्टी कधी?’ आणि ‘आमची एक प्रत राखून ठेवशील ना?’ दोन्ही प्रेमापोटीच. पण होकार ते छापील पुस्तक या वाटेत सहज सहा-आठ महिने जातात, कधी वर्षही. एवढ्या काळात नवख्या लेखिकेला कौतुक करणारे भरपूर भेटतात. हाताशी धरून कामं उरकणारं माणूस मात्र सापडत नाही. मराठीतल्या बऱ्याच प्रकाशनसंस्था दोन-चार माणसांवर चालतात. संपादन करणारा, हिशेब ठेवणारा आणि पार्सलं बांधणारा कधीकधी एकच गृहस्थ असतो. त्यामुळे जी कामं कुणाचीच नसतात, ती शेवटी लेखिकेच्या गळ्यात पडतात. त्यातली काही तुम्ही उचलू शकता.

कामं पुढे काळाच्या क्रमाने दिली आहेत. सगळी एकट्याने अंगावर घेऊ नका.

१. तिला काय हवंय ते आधी विचारा

काहींना छापून येईपर्यंत कुणालाच वाचायला द्यायचं नसतं. तसं असेल तर हट्ट करू नका. वाचायला दिलंच, तर एक भान ठेवा. पुस्तक स्वीकारलं गेलंय, संपादकाचा हात फिरलाय. आता ‘शेवट जरा सुखाचा कर ना’ म्हणण्याची वेळ निघून गेली. आता उपयोगी पडतात त्या तथ्यांच्या चुका. १९९३ साली घडणाऱ्या कथेत नायक मोबाईलवर बोलत असेल तर सांगा, कारण भारतात मोबाईल सेवा सुरू झाली १९९५ साली. १९८५ सालचं पात्र ‘सीएसटी’ला उतरत असेल तर सांगा, तेव्हा ते व्हीटी होतं, नाव बदललं १९९६ मध्ये. अशा चुका पुढे कुणी तरी निवृत्त वाचक पोस्टकार्डावर कळवतोच. त्यापेक्षा तुम्ही आधी पकडलेल्या बऱ्या.

२. करार वाचताना शेजारी बसा

आपल्याकडे अजूनही बरेच व्यवहार तोंडी होतात. ‘आपल्यात कसला करार?’ हे वाक्य गोड वाटतं, पण ते लेखिकेच्या सोयीचं क्वचितच असतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या १९व्या कलमानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते मानले जातात. म्हणजे दोन ओळी लिहायच्या राहिल्या तरी अर्थ बदलतो.

तुम्ही वकील असायची गरज नाही. एवढंच पाहा: आवृत्ती किती प्रतींची, रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रीतून हाती आलेल्या रकमेवर, हिशेब वर्षातून कधी मिळणार, लेखिकेला किती प्रती मोफत आणि पुढच्या किती सवलतीने. ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत गुंडाळले असतील, तर ते सुटे करून मागायला सांगा. मराठीत रॉयल्टी साधारण दहा ते पंधरा टक्के असते. पूर्वी पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघायची, आता पाचशे किंवा तीनशेचीही निघते. कवितासंग्रह असेल तर आकडा ऐकून खचू नका.

प्रकाशक तिच्याकडेच पैसे मागत असेल, तर त्याला प्रकाशन म्हणण्यापेक्षा छपाईची सेवा म्हणावं. तसं करायला हरकत नाही, फक्त ते उघड्या डोळ्यांनी करावं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. पैसे भरण्याआधी तिथे हस्तलिखित पाठवायचं का, हा प्रश्न तिच्यापुढे ठेवा.

३. प्रूफं: तुमचं खरं काम हे

प्रूफं म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी जुळलेली पानं. लेखिकेला स्वतःच्या मजकुरातली चूक दिसत नाही. तिला वाक्य पाठ असतं, त्यामुळे डोळा कागदावर आणि मन आठवणीवर चालतं. म्हणून परक्या डोळ्यांची गरज इथे सगळ्यात जास्त.

स्क्रीनवर वाचू नका. कागदावर छापून घ्या, लाल पेन घ्या, आणि शक्य असेल तर दोघी मिळून वाचा. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसरीने प्रूफावर नजर ठेवायची. वाचताना विरामचिन्हंही उच्चारा. तासाभराने हसू येऊ लागतं, तेव्हा चहा घ्या आणि मग पुढे चला.

आधी मोठी अक्षरं तपासा: मुखपृष्ठ, कणा, शीर्षकपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं कथेचं नाव. गंमत म्हणजे सर्वांत ढोबळ चुका इथेच राहतात, कारण एवढं मोठं अक्षर कुणी वाचतच नाही. ‘ऋणनिर्देशा’तली आडनावं एकेक करून लेखिकेकडून खात्री करून घ्या. पाठिंबा देणाऱ्या मावशीचंच नाव चुकलं तर लेखिकेला पुढची दहा वर्षं ते ऐकावं लागेल.

मग मजकूर. इथे देवनागरीची खास दुखणी आहेत. हस्तलिखित युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं आणि अक्षरजुळणी करणारा ते जुन्या फाँटमध्ये रूपांतरित करून घेतो. त्या उलथापालथीत जोडाक्षरं तुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि अर्ध्या ‘र’चा घोळ होतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोपऱ्यात’ असे शब्द शोधून शोधून पाहा. ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ यांत स्वयंपाकघर आणि मठ एवढं अंतर आहे. अवतरणचिन्हं उघडली तिथे मिटली का, ओळीच्या शेवटी शब्द भलत्याच जागी तुटलाय का, परिच्छेदाची एकच ओळ नव्या पानावर एकटी पडलीय का, हेही बघा.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत. राज्य शासनाने ते १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. ‘पारंपरिक’, ‘उज्ज्वल’, ‘आशीर्वाद’ हे नेहमीचे गुन्हेगार. पण संवादांना हात लावू नका. पात्र मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असेल तर तिथे लेखिकेचा कान प्रमाण. नियमांच्या भरात बोलीतला जीव काढून घेणारे मुद्रितशोधक असतात. त्यांच्यापासून तिचे संवाद वाचवणं हेही तुमचंच काम.

लेखिकेलाही थोडं आवरावं लागतं. प्रूफ हातात आलं की नव्याने लिहायची हुक्की येते. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांत, छापलं जातं; १६० पानांचे बरोबर दहा फॉर्म. एक परिच्छेद वाढला आणि मजकूर १६१व्या पानावर गेला, की कागदाचा खर्च वाढतो, अनुक्रमणिका बदलते आणि प्रकाशकाचा आवाज चढतो. तिला सांगा, ‘जेवढे शब्द घालशील तेवढे त्याच पानावर काढ.’

दुसऱ्या प्रूफात फक्त आधीच्या दुरुस्त्या पाहायच्या असतात, पण प्रत्येक दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची ओळही वाचा. चूक काढताना नवी चूक तिथेच जन्मते.

४. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ

मुखपृष्ठाचा फोटो आला की तो मोबाईलवर नखाएवढा करून बघा. ऑनलाइन दुकानात तो तेवढाच दिसणार आहे. नाव वाचता आलं पाहिजे. याउपर मतं देऊ नका. दहा जणांची दहा मतं ऐकून ती आधीच गांगरलेली असते.

मलपृष्ठावरचा मजकूर मात्र मोठ्याने वाचा. ‘वाचकाला अंतर्मुख करणाऱ्या कथा’ असं काही असेल तर ते हजार पुस्तकांवर छापलेलं आहे. त्याऐवजी पुस्तकातलाच एक चटका लावणारा प्रसंग चार ओळींत कसा मांडता येईल, ते सुचवा. लेखिकेला स्वतःबद्दल असं लिहिता येत नाही. तुम्हाला येईल.

५. कागदपत्रं

आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे कुणी लावले तर कशाचे, ते विचारा. मलपृष्ठावरचा बारकोड आणि आत छापलेला क्रमांक जुळतो का, तेही पाहा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. काम त्याचं आहे, आठवण तुम्ही करा.

६. प्रकाशनाआधी याद्या करा

प्रकाशनपूर्व सवलतीचा निरोप सगळ्या ग्रुपांवर एकदम टाकला, की अंगठे भरपूर येतात आणि मागणी येत नाही. माणसागणिक निरोप पाठवा. शाळेची बॅच, जुनं ऑफिस, माहेरची आणि सासरची मंडळी, गावाकडचे लोक अशा चार याद्या करा आणि प्रत्येक यादीला एक जबाबदार माणूस नेमा. निरोपात किंमत, पैसे कुठे भरायचे, पुस्तक कधी मिळेल, एवढंच असू द्या. परदेशातल्या मैत्रिणींना टपालखर्च पुस्तकापेक्षा महाग पडतो. तिथे पाच-सहा जणींची मागणी एकत्र करून कुणाच्या तरी सुटकेसमधून पाठवणं हाच आपला जुना राजमार्ग.

७. समारंभाच्या दिवशी मंचाखाली राहा

सभागृह लवकर ठरवा. पुण्यात टिळक रस्त्यावरची साहित्य परिषद काय किंवा पत्रकार भवन काय, शनिवार-रविवार आधीच भरलेले असतात. लग्नाची दाट तिथ आणि दहावी-बारावीच्या परीक्षा टाळा. गावातल्या वाचनालयात चाळीस खुर्च्या मांडून केलेला कार्यक्रमही छान होतो. मोठ्या सभागृहात चाळीसच माणसं बसली की मात्र रया जाते.

मंचावर तीनपेक्षा जास्त वक्ते नकोत. प्रमुख पाहुण्यांकडे छापील फॉर्म किंवा पुस्तक दोन आठवडे आधी पोचवा, नाहीतर ते ‘पुस्तक मी अजून वाचलं नाही, पण…’ म्हणून सुरुवात करतात आणि स्वतःच्या आठवणींवर अर्धा तास काढतात. सूत्रसंचालकाला चारोळ्यांचा मोह असेल तर आधीच गोडीत सांगा. त्याऐवजी कुणा चांगल्या वाचणाऱ्याकडून दहा मिनिटं अभिवाचन ठेवा. पुस्तक ऐकवलं की पुस्तक विकलं जातं.

मग किरकोळ दिसणारी कामं. मंचावर उघडायचा गठ्ठा रिबिनीने बांधा, गाठ सुटी ठेवा. चिकटपट्टी लावलीत तर पाहुणे नखांनी कागद ओरबाडत बसतील आणि फोटोत तेच येईल. दाराजवळच्या टेबलावर दोघं बसवा, एक पैसे घेणारा आणि एक पुस्तक देणारा. ३०० रुपयांचं पुस्तक त्या दिवशी २४० ला द्यायचं ठरलं असेल तर प्रकाशकाला २५० करायला सांगा. दहा-दहाच्या सुट्ट्यांपायी रांग तुंबते. क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे, हे आधी ठरलेलं असावं.

सहीसाठी लेखिकेला खुर्ची-टेबल द्या, पाणी द्या, दोन बॉलपेनं द्या. आणि रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाकडून नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. वीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्राचं नाव ऐन वेळी आठवत नाही आणि विचारायची चोरी होते. हातात चिठ्ठी आली की ती निर्धास्तपणे ‘सप्रेम’ लिहून मोकळी होते.

तुमची प्रत विकत घ्या, पहिल्या पाचांत घ्या, आणि सगळ्यांना दिसेल अशी घ्या. लेखिकेला मिळणाऱ्या मोफत प्रती मोजक्या असतात. जवळच्या माणसांनीच त्या संपवल्या, तर समीक्षकांना पाठवायला तिला स्वतःचंच पुस्तक विकत घ्यावं लागतं.

८. टाळ्या थांबल्यावर

समारंभानंतरचे तीन महिने अवघड जातात. फोन थांबतात. वाचतो म्हणणारे वाचत नाहीत. या दिवसांत तुम्ही पुस्तक खरोखर वाचून तिला कळवा, आणि ‘मस्त’ म्हणून भागवू नका. कोणती कथा, कोणतं वाक्य, कुठे थांबलात ते लिहा. न आवडलेलं तिने विचारल्याशिवाय सांगू नका. विचारलं तर लपवू नका.

अमेझॉनच्या नियमांत लेखकाच्या जवळच्या नातेवाइकांचे आणि मित्रांचे अभिप्राय बसत नाहीत, ते काढून टाकले जाऊ शकतात. तेव्हा तुमची ओळख उघड सांगून स्वतःच्या फेसबुकवर लिहा आणि सोबत आवडलेल्या पानाचा फोटो टाका. दुकानात गेलात तर पुस्तक आहे का विचारा. अप्पा बळवंत चौकात चार जणांनी विचारलं की दुकानदार वितरकाला फोन करतो.

गावच्या वाचनालयात मागणी नोंदवा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अनुदानावर चालणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यातल्या शंभरांनी एकेक प्रत घेतली तरी लहान आवृत्तीचा मोठा भाग हलतो.

पुरस्कारांच्या तारखा तुम्ही सांभाळा, तिला आठवत नाहीत. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळा विभाग असतो आणि पुस्तक त्या त्या कॅलेंडर वर्षात निघालेलं लागतं. डिसेंबरच्या शेवटी छापायचं की जानेवारीत, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा. तिचं वय ३५ च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही लक्षात ठेवा.

मार्च संपला, की रॉयल्टीचा हिशेब आला का ते विचारा. आला नसेल तर प्रकाशकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा तुम्हीच करून द्या. पैशांबद्दल लिहायला तिला संकोच वाटतो. तुम्हाला वाटायचं कारण नाही.