शुगर आहे? मग या चुका टाळा

मला शुगर निघाली त्याला १४ वर्षं झाली, आणि नात्यात-ओळखीत कुणाला नव्याने निघाली की फोन मलाच येतो. माणसं वेगळी, चुका त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी म्हणजे रिपोर्टच्या आधी दोन दिवस शहाण्यासारखं वागायचं. गोड बंद, रात्री अर्धपोटी जेवण, सकाळी रक्त देऊन यायचं आणि आकडा बरा आला की "बघ, कंट्रोलमध्ये आहे". अरे फसवताय कुणाला? उपाशीपोटीची शुगर फक्त त्या सकाळचं सांगते. एचबीएवनसी ही रक्ताची टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांचं बाहेर काढते, कारण साखर रक्तातल्या लाल पेशीला चिकटते आणि ती पेशी साधारण १२० दिवस जगते. बऱ्याच जणांना ७ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतात, वय आणि बाकीचे आजार बघून डॉक्टर थोडी ढील देतात. कंट्रोल नसेल तर दर ३ महिन्यांनी करा, असेल तरी वर्षातून दोनदा. अ‍ॅनिमिया असेल तर हा आकडासुद्धा चकवतो, डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा. दरवर्षी चष्म्याचा नंबर तपासायला जायचो, शेवटची ओळ खडाखडा वाचायचो आणि डोळे चेक झाले म्हणून मोकळा. अशी पाच वर्षं. मग एका नवीन डॉक्टरांनी विचारलं, थेंब घालून पडदा कधी बघितला होता? मी म्हटलं, कसला पडदा? थेंब घालून बाहुली मोठी केली, आत बघितलं तर रक्ताचे बारीक ठिपके, आणि मला तर सगळं स्वच्छ दिसत होतं! हेच लोकांना पटत नाही, रेटिनोपॅथी, म्हणजे शुगरने डोळ्याच्या आतल्या पडद्याला होणारी इजा, सुरुवातीला दुखत नाही, दिसायलाही काही कमी होत नाही, आणि धूसर दिसायला लागेपर्यंत बरंच नुकसान होऊन बसलेलं असतं. टाइप २ असेल तर शुगर निघाल्या निघाल्या पडदा तपासून घ्या, कारण ती अंगात कधीपासून मुरलीये कुणाला माहीत. थेंबानंतर काही तास नीट दिसत नाही, स्वतः गाडी चालवत जाऊ नका (मी गेलो होतो, गाडी तिथेच सोडून आलो).

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) नॉर्मल आहे म्हणजे किडनी ठणठणीत, हेही डोक्यातून काढा. ते उशिरा वाढतं, त्याच्या बरंच आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जायला लागलेलं असू शकतं. वर्षातून एकदा लघवीची एसीआर (क्रिएटिनिनच्या तुलनेत अल्ब्युमिन किती) आणि रक्तातून ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज), दोन्ही करा. एसीआर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली हवी. एकदा जास्त आली म्हणून लगेच हातपाय गाळू नका, ताप किंवा जोराच्या व्यायामानेही वाढते, परत करून बघतात.

पाय. माझ्या मेहुण्यांच्या पायाला मुंग्या यायच्या, त्या बंद झाल्या म्हणून गडी खूश. बरं काही झालं नव्हतं, तळवा बधिर झाला होता. एक दिवस बुटात खडा गेला, दिवसभर त्यावर चालले, संध्याकाळी मोजा काढताना रक्त दिसलं तेव्हा कळलं. ती जखम भरायला चार महिने लागले. मी रोज झोपताना आरसा धरून तळवे बघतो, बूट झटकल्याशिवाय घालत नाही, आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी तर पायाजवळ आणतच नाही. वर्षातून एकदा डॉक्टर नायलॉनचा धागा टेकवून संवेदना बघतात, दोन मिनिटांचं काम आहे, त्यांनी नाही केलं तर आपणच मोजे काढून बसायचं.

बाकीचं पटापट. हात न धुता ग्लुकोमीटर वापरू नका, बोटाला फळाचा रस लागला असेल तरी आकडा वर जातो. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा. बीपी आणि कोलेस्टेरॉल सोडू नका. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाताच्या डॉक्टरांना शुगर आहे हे सांगा.

आणि "सगळं कळेल अशी एकच टेस्ट सांगा ना" म्हणणाऱ्यांनो, तशी टेस्ट नाही. मी वाढदिवसाच्या महिन्यात डोळे, लघवी, पाय सगळं उरकतो आणि रिपोर्ट एकाच फाईलला तारखेने लावतो, मोबाईलमधले फोटो डॉक्टरांसमोर बसल्यावर कधीच सापडत नाहीत.