घरचं सर्किट सिरीयल पोर्टला लावताय? आधी पोर्ट वाचवा

मायक्रोकंट्रोलरचे टीएक्स-आरएक्स (डेटा पाठवायची आणि घ्यायची पिन) कॉम्प्युटरच्या नऊ पिनी सिरीयल पोर्टला डायरेक्ट लावायचेच नाहीत. आरएस-२३२ चा, म्हणजे या पोर्टच्या स्टँडर्डचा, सिग्नल प्लस आणि मायनस दोन्हीकडे जातो, साधारण ५ ते १५ व्होल्टपर्यंत, आणि आपला कंट्रोलर चालतो ५ नाहीतर ३.३ वर, त्यामुळे आधी तोच जातो. मध्ये मॅक्स२३२ ही लेव्हल बदलणारी चिप टाका, ३.३ चं सर्किट असेल तर मॅक्स३२३२, कपॅसिटर डेटाशीटमध्ये दिलेत तेच.

पण तेवढ्याने पोर्ट सेफ झाला असं समजू नका. ही चिप फक्त लेव्हल बदलते, ग्राउंड दोन्हीकडचा एकच राहतो. सर्किटमध्ये मोटर, रिले किंवा मेन्सचं काही असेल आणि एखादी वायर चुकून नको तिथे टेकली तर तो करंट पिन ५ च्या ग्राउंडमधून सरळ मदरबोर्डमध्ये घुसतो. म्हणून मॅक्स२३२ आणि कंट्रोलरच्या मध्ये ऑप्टोकपलर लावाच, जायला एक आणि यायला एक. आत एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर, सिग्नल उजेडाने पलीकडे जातो, तारेचा संबंधच नाही.

वेग ९६०० बॉड (इथे बिट प्रति सेकंद) किंवा कमी असेल तर पीसी८१७ हा ऑप्टोकपलर चालतो. ११५२०० हवं असेल तर ६एन१३७ घ्या, फक्त त्याच्या एलईडीला निदान ५ मिलीअँप लागतो आणि मॅक्स२३२ चं आउटपुट तेवढं ओढायला कमजोर आहे, मध्ये बफर (जास्त करंट ओढू शकणारी चिप) द्या. एलईडीचा अ‍ॅनोड रेझिस्टरमधून ५ व्होल्टला आणि कॅथोड सिग्नलला जोडा, पलीकडे आउटपुटला पुलअप (त्या बाजूच्या सप्लायच्या प्लसला जोडलेला रेझिस्टर), म्हणजे सिग्नल उलटा होत नाही.

आता जिथे सगळं फुकट जातं ती जागा: सप्लाय. मॅक्स२३२ ची बाजू कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवा, कंट्रोलरची बाजू वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर, आणि दोन्ही ग्राउंड कुठेही जोडू नका, ऑसिलोस्कोपच्या ग्राउंड क्लिपनेसुद्धा नाही. ट्रान्सफॉर्मर नसलेला, कपॅसिटरवाला मेन्स सप्लाय तर अजिबात नको. बोर्डवर ऑप्टोच्या खालून ट्रॅक नेऊ नका.

जोडायच्या आधी सगळं बंद ठेवून मल्टिमीटरने दोन्ही ग्राउंडमध्ये कंटिन्युइटी बघा, बीप आली तर कुठेतरी जोड राहिलाय. मग कंट्रोलर काढून, त्या बाजूचा सप्लाय चालू ठेवून तिथलं येणारं आणि जाणारं एकमेकांना जोडा आणि कॉम्प्युटरवरच्या सिरीयल टर्मिनल प्रोग्राममध्ये टाइप करा, तीच अक्षरं परत आली की कंट्रोलर बसवा.