पोर्ट उघडताच बोर्ड रीसेट होतो? डीटीआर-आरटीएसची सुरुवात ड्रायव्हरमध्येच ठरवा

सिरीयल पोर्ट उघडला की लिनक्स डीटीआर ('संगणक तयार आहे' हा इशारा) आणि आरटीएस ('डेटा पाठवायचा आहे' हा इशारा) या दोन्ही लाइन लगेच चालू करतो. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर डीटीआर १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेट पिनला जोडलेली असते, त्यामुळे बोर्ड तिथल्या तिथे रीसेट होतो. प्रोग्राममध्ये 'डीटीआर बंद' लिहून भागत नाही. ती ओळ चालेपर्यंत लाइन एकदा चालू होऊन गेलेली असते आणि रीसेटला तेवढा झटका पुरतो.

कोडला हात लावण्याआधी व्होल्टेज मोजा. नऊ पिनांच्या कनेक्टरवर (संगणकाच्या बाजूला) डीटीआर ४ वर, आरटीएस ७ वर, ग्राउंड ५ वर. आरएस-२३२ मध्ये (या कनेक्टरवरच्या जुन्या सिरीयल मानकात) चालू लाइनवर +३ ते +१५ व्होल्ट मिळतात, बंद लाइनवर −३ ते −१५. यूएसबी-सिरीयल चिपच्या टीटीएल (० ते ५ किंवा ३.३ व्होल्टच्या) पिनांवर हे सहसा उलटं असतं: चालू म्हणजे ० व्होल्ट. हे डोक्यात पक्कं नसेल तर पुढचा सगळा तपास उलटा होतो.

ड्रायव्हर बदलायचा नसेल तर एसटीटीवाय (stty, पोर्टच्या सेटिंग बदलणारी कमांड) वापरून एचयूपीसीएल (hupcl, पोर्ट बंद होताना डीटीआर बंद करणारी सेटिंग) बंद करा; त्यासाठी नावाआधी उणे चिन्ह लावा. मग पोर्ट बंद केल्यावरही डीटीआर चालूच राहते आणि पुन्हा उघडताना झटका बसत नाही. मात्र एसटीटीवाय स्वतःच पोर्ट उघडतो, म्हणून पहिला रीसेट टळत नाही. केबल काढून लावली की हे पुन्हा करावं लागतं.

पक्का उपाय ड्रायव्हरमध्येच. लिनक्सच्या यूएसबी-सिरीयल ड्रायव्हरमध्ये पोर्ट उघडताना आणि बंद होताना 'डीटीआर_आरटीएस' (dtr_rts) हे फंक्शन बोलावलं जातं. त्यात चालू करण्याची विनंती आली तरी दोन्ही लाइन बंदच ठेवा. 'टीआयओसीएमसेट' (TIOCMSET) या कॉलला हात लावू नका, कारण प्रोग्राम स्वतःहून लाइन बदलतो ती वाट हीच. आणखी एक जागा हमखास सुटते: पोर्टच्या सेटिंग लागू करणारं 'सेट_टर्मिओस' (set_termios) फंक्शन. बॉड रेट (पोर्टचा वेग) ० वरून दुसऱ्या आकड्यावर गेला की बरेच ड्रायव्हर तिथे दोन्ही लाइन पुन्हा चालू करतात. तिथेही तोच नियम लावा.

हा बदल मॉड्यूल पॅरामीटरमागे (ड्रायव्हर लोड करताना देता येणाऱ्या पर्यायामागे) ठेवा आणि मूळ वागणूक तशीच राहू द्या. त्याच ड्रायव्हरवर मोडेम चालत असेल आणि त्याला एटी&डी२ (डीटीआर बंद झाली की कॉल तोड, ही आज्ञा) दिलेलं असेल, तर डीटीआर बंद होताच तो चालू कॉल तोडतो.