मातीचा आडोसा पावसात खचतोय? माझा अनुभव

रस्त्यावरून थेट ओसरी दिसते म्हणून भोरजवळच्या घरापुढे 40 फूट लांब, 5 फूट उंच मातीचा बांध घातला. पहिल्याच पावसात माथ्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, मग रस्त्याकडची बाजू घसरली. वरून आणखी माती टाकली, ताडपत्री घातली, गोण्या रचल्या. दोन पावसाळे आणि बरेच पैसे चिखलात गेले.

चूक अशी: नुसती काळी माती, तीही गवतावरच ओतलेली, आणि उतार जवळजवळ उभा.

शेवटी जेसीबीने सगळं उतरवलं. गवत मुळांसकट खरवडून काढलं. मग मुरमाचा 9 इंचांचा थर, पाणी, रोलर. तो बसल्यावरच पुढचा. मुठीत मुरूम वळला की ओल पुरे, हात चिखलाने भरला तर थांबायचं. दोन्ही बाजूंना उतार 1 फूट उंचीला 2 फूट आडवा, माथा 3 फूट रुंद; म्हणजे तळ 23 फूट. (जागा आधी मोजा. माझं आंब्याचं रोप त्यात गेलं.) दाबलेलं माप 26 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट), पण सुटा माल 33 ब्रास लागला. चढाच्या बाजूने पाणी वळवायला चर काढला. सगळ्यात वर काळ्या मातीचा 4 इंच थर आणि पाऊस लागताच उतारावर आडव्या ओळींत वाळा, ओळीतली रोपं अर्ध्या अर्ध्या फुटावर.