‘लेरआम्ट्सआन्वेर्टर’: जर्मन सामासिक शब्दाची फोड कशी करावी

जर्मनीत विद्यापीठातील शिक्षण संपवून शाळेत प्रत्यक्ष शिकवत प्रशिक्षण पुरे करणाऱ्या शिकाऊ शिक्षकाला ‘लेरआम्ट्सआन्वेर्टर’ म्हणतात. असा लांबलचक शब्द समोर आला की त्याची फोड शेवटाकडून सुरू करावी, कारण मराठीतील तत्पुरुष समासाप्रमाणे येथेही उत्तरपद प्रधान असते आणि शब्दाचे लिंगही तेच ठरवते.

शेवटचे पद ‘आन्वेर्टर’ आहे. ते आणखी तोडण्याआधी आहे तसेच कोशात पाहावे. अन्यथा ‘आन’ बाजूला काढून उरलेल्या ‘वेर्टर’चा अर्थ रखवालदार असा सापडतो आणि वाचक भलतीकडेच जातो. ‘आन्वेर्टर’ म्हणजे एखादे पद मिळण्याची अपेक्षा बाळगणारा. अर्थात रखवालदार अगदीच परका नाही, कारण दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘वार्टन’ हे क्रियापद आहे. आज त्याचा अर्थ वाट पाहणे असा असला तरी जुना अर्थ नजर ठेवणे हा होता, आणि टेहळणीच्या जागेला ‘वार्टे’ म्हणतात. आपणही वाट ‘पाहतोच’! या पदासाठी मराठीत मला ‘उमेदवार’ हाच शब्द चपखल वाटतो: फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि शिकाऊपणाला आपण उमेदवारीच म्हणतो.

‘आन्वेर्टर’च्या आधीचा ‘स’ हा केवळ सांधा आहे. त्याला अर्थ नाही, तो गाळावा. ‘लेर’ आणि ‘आम्ट’ यांच्यामध्ये मात्र तो येत नाही, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर त्याची अपेक्षा धरू नये.

‘आम्ट’ म्हणजे अधिकारपद. या भारदस्त शब्दाचे मूळ केल्टिक भाषेतील सेवक या अर्थाच्या शब्दात आहे, आणि ‘अम्बाक्टुस’ या रूपात तो ज्युलियस सीझरच्या गॉलविषयीच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसराविषयीच्या, लेखनातही येतो. ‘लेर’ हे ‘लेरेन’ म्हणजे शिकवणे या क्रियापदाचे अंग आहे. त्याचे जुने मूळ माग, म्हणजे मागे उरलेली खूण, या अर्थाचे असून, आज रेल्वेच्या रुळाला लावला जाणारा, पूर्वी चाकोरीचा वाचक असलेला ‘ग्लाइस’ हा शब्द त्याच कुळातला आहे.

‘गिम्नाझिउम’ या माध्यमिक शाळेतील शिकाऊ शिक्षकासाठी ‘श्टुडियनरेफरेंडार’ असा शब्द आहे. तेथे मात्र जर्मन धातू शोधत बसू नये. ‘रेफरेंडार’ लॅटिनमधून आलेला असून ‘रेफेर्रे’ म्हणजे परत आणणे, कळवणे या क्रियापदावरून तो बनला आहे.