नुसतं 'एओएसी, २००५' लिहून भागत नाही: माझा अनुभव

मार्केट यार्डातून आणलेल्या ज्वारीच्या पिठावरचा आमच्या विद्यार्थिनीचा पेपर परीक्षकांनी परत पाठवला. ओलावा, राख, प्रथिनं, सगळ्यांपुढे एकच संदर्भ: 'एओएसी, २००५'. पत्ता म्हणून नुसतं 'पुणे' लिहावं तसं! एओएसी ही अन्नतपासणीच्या प्रमाणित पद्धतींचा ग्रंथ काढणारी संस्था; २००५ हे त्या ग्रंथाच्या अठराव्या आवृत्तीचं साल. आत पद्धती शेकड्यांनी.

मग प्रत्येक चाचणीचा क्रमांक शोधायला बसलो. पिठाच्या राखेला ९२३.०३, ओलाव्याला ९२५.१०. यातले पहिले तीन आकडे पद्धत स्वीकारल्याचं साल सांगतात, म्हणजे १९२३ आणि १९२५. (जुनी आहे म्हणून बाद नाही, हे परीक्षकांनाही ठाऊक असतं.)

खरी गोम ओलाव्यात निघाली. ९२५.१० मध्ये पीठ १३० अंश सेल्सिअसला तासभर वाळवतात. तिच्या वहीत मात्र १०५ अंश, वजन स्थिर होईपर्यंत.

"सर, नंबर तसाच टाकू का? सगळेच टाकतात."

"वहीत आहे तेच लिही गं."

तो क्रमांक काढला. तापमान, वेळ आणि नमुन्याचं वजन सरळ मजकुरात घातलं. प्रथिनं काढताना नायट्रोजन मोजून त्याला एका आकड्याने गुणतात; कितीने गुणलं तेच लिहिलेलं नव्हतं. तिने ६.२५ घेतले होते, गव्हासाठी ५.७ वापरतात. नायट्रोजन १.६ टक्के असेल तर एकाने प्रथिनं १० टक्के येतात, दुसऱ्याने ९.१.

संदर्भयादीत ग्रंथ एकदाच ठेवला, आवृत्तीसकट. क्रमांक मात्र मजकुरात, त्या त्या चाचणीला चिकटून.