तृतीयपंथी वृद्धांचं अखेरचं आजारपण: आधी काय विचारावं, कागदावर काय असावं

तृतीयपंथी घराण्यात गुरू आईच्या जागी असते आणि तिने पदरात घेतलेले चेले लेकरांच्या. ती अंथरुणाला खिळली की चेले सेवेत सहसा कमी पडत नाहीत. घोळ होतो तो नंतर. वर्षानुवर्षं न फिरकलेले भाऊ-पुतणे येऊन उभे राहतात, साडी उतरवून पायजमा चढवतात, मृत्यूची नोंद पाळण्यातल्या नावाने होते आणि अग्नी की माती यावर दारातच भांडण जुंपतं. म्हणून ती बोलती आहे तोवर सगळं विचारून घ्या.

"माय, तुले काय वाटस?" इथून सुरुवात करा. नाव कोणतं घ्यायचं, अंगावर काय घालायचं, केस कसे ठेवायचे, खांदा कोणी द्यायचा, अस्थी तापीकाठच्या प्रकाशा गावी न्यायच्या की चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, हे एकेक विचारा. जन्म हिंदू घरचा, घराण्याची रीत मुसलमानी आणि कोजागरीला सप्तशृंगीचा गड चुकवायचा नाही, असंही असतं. तेव्हा अंदाज बांधू नका. अंत्ययात्रा रात्रीच निघते, प्रेताला चपला मारतात, असल्या ऐकीव गोष्टी खाटेजवळ तर नकोतच.

उत्तरं मिळाली की तीन वेगळे कागद करा.

पहिला, उपचारांबद्दलचं इच्छापत्र, म्हणजे स्वतः बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, शिवाय नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा ते नाव यात लिहितात. तिथे 'पालक किंवा जवळचे नातेवाईक' असे शब्द आहेत. चेल्याचं नाव पालक म्हणून घाला. एक प्रत नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक दवाखान्याच्या फाइलीत.

दुसरा, मृत्युपत्र. वारसा कायद्याच्या यादीत गुरू-चेला हे नातं नाही, त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर घर-दागिने रक्ताच्या वारसांकडे जातात. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या आणि शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. बँकेत नॉमिनी लावला म्हणून मृत्युपत्र टाळू नका. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, मालकी ठरत नाही.

तिसरा, अंत्यविधीचं साधं पत्र. कायद्याने याचा जोर फारसा नाही. म्हणूनच ते तिच्या देखत जन्माच्या घरच्यांना वाचून दाखवा, फोनवर का होईना. समोरासमोर ऐकलेला शब्द मागाहून मोडणं जड जातं.

आधार, पासबुक आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेलं तृतीयपंथी ओळखपत्र यांवरचं नाव एकच आहे ना, हे आत्ताच पाहा. नाहीतर मृत्यूच्या दाखल्यानंतर बँकेतले पैसे अडकतात.

आता अंगसेवा. निर्वाण (म्हणजे लिंग आणि वृषण काढून टाकणं) झालेल्या जुन्या पिढीतल्या अनेकींच्या मूत्रमार्गाचं तोंड आकसलेलं असतं. लघवीची नळी घालण्याआधी नर्सला हे बाजूला घेऊन सांगा. नेहमीची 16 नंबरची नळी जोर लावून घातली तर रक्त येतं; 10 किंवा 12 नंबरची लागू शकते, आणि तीही जात नसेल तर थांबून सर्जनला बोलवायचं. लघवी थेंब थेंब होतेय आणि ओटीपोट टणक लागतंय, म्हणजे ती तुंबली आहे. सकाळची वाट पाहू नका. निर्वाणानंतरही प्रोस्टेट ग्रंथी शरीरात राहते, हेही डॉक्टरांना आठवण करून द्या. तृतीयपंथी पुरुषाच्या, म्हणजे मुलगी म्हणून जन्मून पुरुष म्हणून जगणाऱ्याच्या, बाबतीत गर्भाशय असू शकतं. रक्तस्राव दिसला तर लाजेपोटी लपवू नये.

दाढी रोज करा. आयुष्यभर चिमट्याने केस उपटलेले असतात. हात चालेनासे झाले की खुंट दिसू लागतात, मग तोंडावर पदर ओढून ती भेटायला आलेल्यांनाही नको म्हणते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर चिमटा आणि ब्लेड बंद. कोरड्या त्वचेवर ट्रिमर फिरवा, नंतर कोमट ओल्या फडक्याने पुसून खोबरेल तेलाचा हलका हात द्या.

इस्ट्रोजेनच्या (स्त्री-संप्रेरकाच्या) गोळ्या चालू असतील तर झोपून राहिलेल्या शरीरात त्यामुळे रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. एकाच पोटरीला सूज दिसली तर लगेच डॉक्टर. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू झालं तर बद्धकोष्ठ ठरलेलंच, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक मागून घ्या.

प्राण गेल्यावर साधारण दोन ते चार तासांत शरीर ताठरू लागतं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात त्याहून लवकर. आंघोळ, साडी, बांगड्या, टिकली आधी उरका, त्यासाठीचं गाठोडं आधीच बांधून ठेवा. मृत्यू दवाखान्यात झाला तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र भरताना नाव आणि लिंग ओळखपत्राप्रमाणे लिहिलंय का, ते सही होण्याआधी वाचा. घरी झाला तर 21 दिवसांच्या आत नोंद करा आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. बँक, पेन्शन, रेशन, सगळीकडे एकेक लागतेच.